बडबडगाणी, जपानी साधू आणि आमचे व्याही

सन १९६८ च्या उन्हाळ्यातील तो मुहूर्त, ज्यावर माझी मुलगी मी जामखेड तालुक्यातील त्या घरात दिली. १९७२ सालचा पोळा. १९७३ ची संक्रांत. त्या संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. आणि त्याच वर्षीच्या होळीच्या आदल्या दिवशीची सकाळ. हे पाच दिवस माझ्या दैनंदिनीत लाल शाईने नोंदलेले आहेत. या दिवसांत जे घडले त्यास जबाबदार असणाऱ्या व्यक्ती पुढीलप्रमाणे : एक, आमचे व्याही. दोन, त्यांना ते जपानी साधूंचे पुस्तक वाचावयास देणारे त्यांचे निवृत्त शिक्षकमित्र. तीन, तहसील कचेरीतील एक नायब तहसीलदार. आणि चार, प्रस्तुत लेखक. क्रम मी लावला आहे. हा मजकूर वाचून संपल्यावर तो उलटा करावा असे कोणास वाटल्यास माझी हरकत नाही.

मी नगरच्या न्यायालयात हयात घालवली आणि नाझर म्हणून निवृत्त झालो. समन्स बजावणे, जप्त्या करणे, दाराला सील ठोकणे ही माझी कामे. त्यामुळे माणूस कोणत्या कलमाखाली बसतो हे मला त्याच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरूनही सांगता येते. असे असूनही मी शपथेवर सांगतो की, ज्याच्यावर दिवाणी, फौजदारी किंवा महसुली अशा कोणत्याच कायद्याला हात ठेवता येणार नाही असा एकच मनुष्य मी पाहिला, आणि दैवाने तोच माझा व्याही केला. परक्या माणसाला मी दोन नोटिसांत सरळ केले असते. परंतु मी मुलीचा बाप. मुलीच्या सासऱ्यापुढे मुलीच्या बापाने मान तुकवावी, पाट-पाणी द्यावे, आणि त्याने काहीही बरळले तरी ‘वा, वा’ म्हणावे असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि रिवाजालाही कायद्याचे बळ असते हे मला नाकारता येत नव्हते.

खर्ड्याच्या किल्ल्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात आमचे व्याही अडतीस वर्षे पहिलीचे मास्तर होते. बढती आली की ते आजारी पडत. दुसरीचा वर्गसुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. ‘दुसरीत गेलं की पोराला उत्तरं यायला लागतात, मग काय मजा?’ असे त्यांचे म्हणणे. निवृत्त होताना शाळेने शाल दिली, ती त्यांनी त्याच दिवशी शाळेतल्या घंटेला पांघरली, कारण थंडीचे दिवस होते. डोक्याला मुंडासे, कोटाच्या एका खिशात चिंचोके आणि दुसऱ्यात ते पुस्तक. त्या पुस्तकाचीही एक कैफियत आहे. शेजारच्या गावी त्यांचे एक सहकारी होते. त्यांनी छप्पन साली बुद्धधम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्यांच्याकडे धम्मावरची पुस्तके दूरदुरून येत. त्यांत जपानातील झेन नावाच्या पंथाच्या साधूंच्या गोष्टींचे एक फाटके पुस्तक आले. ते साधू शिष्याला म्हणे उत्तर नसलेले प्रश्न घालत, आणि शिष्य फार विद्वान असला तर त्याच्या डोक्यात टपली मारून त्याला चहा पाजत. व्याह्यांनी ते पुस्तक एका बैठकीत वाचले, मोठ्याने हसले, आणि मित्राला म्हणाले, “अहो, हे तर आमची आजी अंगणात बसून शिकवायची. हिला जपानचं भाडं कुणी दिलं?” मित्र शांत वृत्तीचे गृहस्थ. ते एवढेच म्हणाले, “मास्तर, तुमी पुस्तक वाचलं न्हाई. पुस्तकानं तुमाला वाचलं.” या एका वाक्याने माझ्या आयुष्याची पुढील तीन वर्षे नासली. कारण त्या दिवसापासून आमचे व्याही बडबडगाण्यांचे भाष्यकार झाले.

नगरला आमच्या घरी आले की ते ओसरीवर माझ्या नातीला मांडीवर घेऊन बसत. बोटांची नावे घेण्याचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट धरायचे, त्याला नाव द्यायचे, आणि मग दोन बोटांनी हातावरून चालत चालत जाऊन काखेत गुदगुल्या करायच्या. नात खिदळे आणि व्याही माझ्याकडे वळून म्हणत, “पाहिलंत, नाझरसाहेब? पाच साक्षीदार तपासले, सगळ्यांची नावं लिहून घेतली, आणि मुद्देमाल निघाला कुठं? काखेत!” मी म्हणालो, साक्षीदार फितूर होते असा याचा अर्थ. ते म्हणाले, “साक्षीदार बरोबर होते हो. शोधणारा फार लांब बघत होता.” मोराला हातावर बोलावून दाणा चारण्याच्या गाण्यावर तर त्यांनी मला एकदा जेवणाच्या ताटावर सव्वा तास बसवले. मोर येतो, बसतो, दाणा खातो, पाणी पितो आणि उडून जातो. “यात ‘धरून ठेव’ असा शब्द कुठं आहे का? दाखवा.” मी म्हणालो, पाहुणचार घेऊन आगाऊ सूचना न देता निघून जाणे हे सभ्यतेला धरून नाही. यावर त्यांनी आनंदाने टाळी दिली आणि आमटी माझ्या धोतरावर सांडली. क्षमा मागितली नाही. “आता ती धोतराची झाली,” एवढेच म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी मात्र माझा संयम सुटला. बहात्तर साल वाचकांना सांगायला नको. ओढे कोरडे, विहिरींच्या तळाशी चिखल, बैल सजवायचे तर वैरणीवाचून त्यांच्या बरगड्यांवर झूल ठरेना. आणि अशा दिवशी आमचे व्याही दारात मुले गोळा करून पावसाला पैसा कबूल करण्याचे ते जुने गाणे म्हणवून घेत होते. पैसा देतो म्हणायचे, तो खोटा निघतो, आणि पाऊस मात्र मोठा येतो, ते. मी म्हणालो, “व्याहीबुवा, रागावू नका, पण हे गाणे कोवळ्या मुलांना खोटे नाणे खपवण्यास उत्तेजन देणारे आहे. दंडसंहितेत याला स्वतंत्र प्रकरण आहे.”

“पावसाला ठाऊक असतं की हो, पैसा खोटा आहे ते,” ते म्हणाले. “तरी येतो. म्हणून तर तो पाऊस. खऱ्या पैशानं येणाऱ्याला आपण टँकर म्हणतो.”

“मग यंदा का आला नाही?” मी विचारले. हा प्रश्न मी उलटतपासणीच्या स्वरात विचारला, हे कबूल करतो.

त्यांनी आभाळाकडे पाहिले. मग म्हणाले, “यंदा मोठी माणसं मागतायत. पोरांना मागू द्या.” आणि पुन्हा गाण्याला सुरुवात केली.

मी मुलीला बाजूला घेतले आणि पाऊस पडेपर्यंत नातीसह नगरला चल म्हटले. ती म्हणाली, “अण्णा, सगळा गाव इथं आहे, आणि मी नळाच्या पाण्याला येऊ? आणि मामंजींच्या पोळीला तूप कोण लावणार?” मी म्हणालो, तूप आहे कोठे? ती म्हणाली, “नाहीच. पण वाटी पुढं ठेवावी लागते. तेवढ्यावर ते जेवतात.” त्या घराची हवाच अशी होती. चांगली मॅट्रिक झालेली मुलगी, चार वर्षांत जपानी झाली.

संक्रांतीला मी तिळगूळ आणि वाणाचे सामान घेऊन, काहीही झाले तरी दोघींना घेऊन येण्याच्या निश्चयाने गेलो. घरी फक्त विहीणबाई होत्या, मुलगी पाण्याला गेलेली. “तुमचे व्याही कामावर गेलेत,” त्या म्हणाल्या. निवृत्त माणसाचे कसले काम? गावाबाहेर दुष्काळी कामावर पाझर तलावाचा बांध घालणे चालू होते. सगळा तालुका तेथे खडी फोडत होता, माती वाहत होता. बांधाच्या कडेला चार बांबू रोवून वर जुनी लुगडी ताणलेली, आणि त्या सावलीत तीसएक लहान मुले. मध्ये आमचे व्याही. त्यांच्या मांडीवर धुळीने माखलेली, ओंजळीत दुष्काळी वाटपाची सुकडी घेतलेली एक मुलगी. ती माझी नात आहे हे ओळखावयास मला क्षण लागला. आया येत, कडेवरचे मूल तेथे टाकत आणि पाटी उचलत. एक जण म्हणाली, “मास्तर, ह्ये लई रडतंय हां. दाताचं हाय.” व्याही म्हणाले, “रडू दे की. रडायचं बी एक गाणं हाय आपल्याकडं.” मुलांशी आणि त्यांच्या आयांशी बोलताना त्यांची भाषा शाळेबाहेर पडत असे.

मी ‘वा, वा’ म्हणालो. रिवाज होता. परंतु नगरला परत आलो, एकटाच, आणि पहिल्या सोमवारी टेबलाशी बसलो.

मी आजवर नगरपालिकेला, टपाल खात्याला, एस.टी.ला, वृत्तपत्रांना अगणित पत्रे लिहिली आहेत, आणि प्रत्येकाखाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता आणि हुद्दा लिहिला आहे. निनावी पत्राला मी पाठीमागून मारलेला दगड समजतो. त्या सोमवारी मी तहसील कचेरीला पत्र लिहिले की, अमुक गावच्या सरकारी कामावर एक खाजगी इसम विनापरवाना बालवर्ग चालवीत असून, सुरुंगाचे दगड उडतात अशा जागी मुले बसवीत आहे, आणि त्यांना निरर्थक व प्रसंगी बेकायदेशीर गाणी शिकवीत आहे. तरी चौकशी व्हावी. खाली लिहिले : एक कायदाप्रेमी नागरिक. व्याह्याविरुद्ध सही करणे मला जमले नाही. न लिहिणेही जमले नाही. आयुष्यात एवढे एकच पत्र मी सहीवाचून टपालात टाकले, आणि माझ्या सर्व पत्रांमध्ये एवढ्या एकाच पत्राची सरकारने तातडीने दखल घेतली.

पंधरा दिवसांनी मुलीचे कार्ड आले. ते मी जपून ठेवले आहे. “ती. अण्णांस सा. न. कुणीतरी कागद केला. कामावर मुलं आणायची नाहीत असा हुकूम आला आणि लुगडी उतरवली. सहा बाया येईनाशा झाल्या, त्यांच्या घरी चूल कशावर पेटते देव जाणे. एकीनं मूल बाभळीला झोळी बांधून ठेवलं, त्याला डोंगळे चावले. मामंजी काही बोलत नाहीत, नुसते रिकाम्या जागी जाऊन बसतात. बाया म्हणतात, त्या कागद लिहिणाऱ्याच्या लेखणीला वाळवी लागो. अण्णा, तुम्हांला कायदा कळतो. त्या माणसाला धडा शिकवा.”

हे कार्ड मी उभ्याने वाचले. त्या रिकाम्या जागी बसलेले व्याही माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. वेड्यागत चाळे करणारा मनुष्य गप्प बसला की किती शहाणा आणि किती म्हातारा दिसत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. आणि त्याहून मोठी भीती अशी की, हा कागद कोणी केला हे माझ्या मुलीला कळले, तर तिने माझ्यापुढे ताट वाढणे बंद केले नसते. ती मुकाट्याने वाढत राहिली असती.

मी दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या वकिलाकडे जाऊन दुष्काळी कामांचे नियम धुंडाळले. आणि काय सापडावे? मजुरांच्या मुलांसाठी सावली, पिण्याचे पाणी आणि मुले सांभाळण्यास एक बाई देणे हे सरकारवरच बंधनकारक होते! जी गोष्ट सरकारने करावयाची ती माझे व्याही फुकट करीत होते, आणि मी त्यांना विनापरवाना ठरवून मोकळा झालो होतो. निवृत्तीनंतर इतका संताप मला दुसऱ्या कोणावर आलेला नाही. मी अर्ज केले. तहसीलला, प्रांताला, वर जिल्ह्याला. या वेळी सहीनिशी, कलमांनिशी, स्मरणपत्रांनिशी. कचेरी मला चिमणीसारखी उत्तरे देई : थांबा, साहेब दौऱ्यावर आहेत; थांबा, फाइल वर गेली; थांबा, फाइल खाली आली. मी कावळ्यासारखा दारात उभा राहिलो. शेवटी होळीच्या आदल्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष जागेवर पाहणी होईल असे कळवण्यात आले.

नायब तहसीलदार जीपमधून उतरले तेव्हा सर्व गाव जमला होता. लुगडी पुन्हा ताणलेली, सहाही बाया मुले घेऊन हजर. मी नियमांचे उतारे वाचून दाखवले. साहेब तरुण आणि कंटाळलेले होते. “नियम मान्य. पण नियमात बाई म्हटलंय. इथं मुलं कोण सांभाळतं?”

विहीणबाई पदर सावरून पुढे झाल्या. “मी सांभाळते.”

“किती मुलं आहेत?”

“एकतीस. आमचे म्हातारे धरून.”

बाया हसल्या, मुकादम हसला, साहेबांच्याही मिशीला हसू आले. मला सुटल्यासारखे वाटले. आणि नेमके तेव्हाच त्यांनी फाइल उघडली. “पण ही तक्रार आहे. निनावी. मास्तर, तुम्ही गावातल्या सगळ्यांना लिहायला शिकवलंत. बघा बरं, अक्षर ओळखीचं वाटतं का?” आणि तो कागद त्यांनी आमच्या व्याह्यांच्या हातात दिला.

वाचकहो, त्या गृहस्थाकडे माझी किमान चाळीस पत्रे ट्रंकेत होती. लग्नाच्या यादीपासून मोराच्या गैरवर्तनावरील टिपणापर्यंत. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावरून कागदाकडे पाहू लागली, तसा त्यांनी तो कागद घडी घालून उन्हाचा डोळ्यांवर धरला. मग म्हणाले, “न्हाई हो, साहेब. आपल्या गावातलं न्हाई. पण अक्षर मोठं सुरेख आहे. पोरांना दगड लागंल म्हणून भ्यालेला माणूस दिसतो. असला माणूस पायजेच इथं. सापडला तर पाठवून द्या, बसवतो सावलीत.”

“म्हणजे तुमची त्याच्यावर तक्रार नाही?”

“कशाची? त्यानं कागद केला म्हणून सायेब आले, सायेब आले म्हणून सरकारी सावली येनार. बाया, टाळ्या वाजवा त्या मानसासाठी.”

आणि बायांनी वाजवल्या. त्या टाळ्या ऐकत उभे राहणे ही मला झालेली एकमेव शिक्षा, आणि तिच्याविरुद्ध अपील नाही.

एवढ्यात दातांचे ते मूल रडू लागले, त्याच्यामागे दुसरे, आणि बघता बघता तीसही. व्याह्यांनी साहेबांना हात धरून खाली बसवले, मला बसवले, आणि गोल केला. जमिनीवर हात थोपटायचे, मग शेजाऱ्याचे कान धरून डुलायचे आणि अखेरीस नसलेल्या भांड्यातले नसलेले पाणी पिऊन टाकायचे, तो खेळ. पाण्याचा थेंब नसलेल्या त्या तलावात तीस मुले आणि एक नायब तहसीलदार ओंजळ ओंजळ पाणी प्याले, आणि रडे थांबले. साहेबांचा डावा कान माझ्या नातीच्या हातात होता. “बघा, सायेब,” व्याही डुलता डुलता म्हणाले, “फिर्यादी कोन, आरोपी कोन, न्यायाधीश कोन? सगळ्यांचे कान सगळ्यांच्या हातात. जपानात ह्याला बारा वर्षं लागतात.” माझा उजवा कान त्यांच्या हातात होता. व्याह्याने व्याह्याचा कान धरल्याचे उदाहरण आमच्या दोन्ही घराण्यांत नाही. साहेबांनी बसल्या जागीच शेरा लिहिला : सावली मंजूर, पाणी मंजूर, बाई मंजूर. तक्रार निकाली.

त्या दिवशी परतीच्या एस.टी.त मी नगरपर्यंत उभा होतो आणि मला ते कळलेही नाही. छातीवरची धोंड उतरली की माणूस किती हलका होतो, ते नियमांत लिहिलेले नाही. माझी मुलगी मला पोहोचवायला आली होती. ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही होतात म्हणून.” मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर पाहिले.

पुढे काम संपले, मुले आपापल्या आयांबरोबर पांगली. आमची नात आता नगरला माझ्याकडे राहून शाळेत जाते आणि दुसरीत आहे, म्हणजे तिला उत्तरे येऊ लागली आहेत. व्याह्यांना अलीकडे कमी ऐकू येते. त्यांना काही विचारले तर ते हसतात, आणि ते न ऐकल्याचे हसू आहे की ऐकल्याचे, हे सांगता येत नाही. गेल्या खेपेस गेलो तेव्हा ते अंगणात एकटेच बसून जमिनीवर हात थोपटत होते, आणि शेजारी कोणी नव्हते म्हणून त्यांनी स्वतःचेच कान धरले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. जे विचारायचे होते ते माझ्याच्याने विचारवले नाही.

म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहे. तो कागद मी लिहिला होता. माझ्या मुलीने हे येथे वाचावे आणि काय ती शिक्षा द्यावी. परंतु त्याआधी एका गोष्टीचा निकाल लागलाच पाहिजे. त्या सकाळी आमच्या व्याह्यांनी माझा कान खेळाला लागतो त्याहून चांगलाच जोरात पिळला होता. तो कितीतरी वेळ लाल होता. तेव्हा त्यांनी याच मासिकाच्या पुढील अंकात, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात, स्वतःच्या सहीने उत्तर द्यावे : व्याहीबुवा, तुम्ही ते अक्षर ओळखले होते काय? होय किंवा नाही, एवढेच लिहा. गाणे चालणार नाही. पण तुम्ही गाणेच लिहिणार, हे मला माहीत आहे. आणि खरे सांगायचे तर, तेही चालेल. फक्त लवकर लिहा.